काळी गाडी आणि मायक्रोफायबर: ८० रुपयांचा टॉवेल की ९०० चा?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. मागच्या दिवाळीत गाडी घेतली, काळी. घेताना सगळे सांगत होते काळी घेऊ नको, काळी म्हणजे रोजची धुणीभांडी, पण शोरूममध्ये दिव्याखाली अशी काही उभी होती की कुणाचंच ऐकलं नाही. आता पाच महिने झाले. परवा रात्री पेट्रोल पंपावर हवा भरायला थांबलो, वरच्या पांढऱ्या एलईडीत बॉनेटकडे नजर गेली आणि पोटात गोळाच आला. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्यानं जाळं विणल्यासारख्या गोल गोल बारीक रेघा, बॉनेटवर, दारांवर, डिकीवर, सगळीकडे. सावलीत काही दिसत नाही, उन्हात नाहीतर दिव्यात लख्ख दिसतात.

शोधाशोध केल्यावर कळलं की याला स्वर्ल मार्क म्हणतात आणि पुसण्यातनंच होतात. सोसायटीत गाडी पुसायला मामा येतात, महिना ५०० रुपये, पहाटे साडेपाचला, एक बादली आणि एक फडकं, आणि ते फडकं मूळचं कुठल्या रंगाचं होतं हे आता मामांनाही आठवणार नाही. तर ठरवलं की फडकं बंद, आपण मायक्रोफायबर आणायचा. आणि इथेच अडकलोय. ऑनलाइन एकीकडे चारचा पॅक ३२० ला, म्हणजे ८० रुपयाला एक. दुसरीकडे एकच टॉवेल ९०० ला, म्हणे कोरियन, म्हणे ७०:३०, म्हणे कडेला शिलाईच नाही. तिसरीकडे ८० वाल्याच्याच भावात एकजण '८०० जीएसएम' लिहून विकतोय. फोटोत तिन्ही सारखेच. आईला ९०० चा आकडा सांगितला तर म्हणाली एवढ्यात पलंगपोस येतो.

खरंच फरक असतो का नुसतं नावाचे पैसे? आणि हो, आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी, गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके राहतात, तो वेगळाच ताप.

खवट_शेंगदाणा

पांढरी घ्यायची होती.

जुनी_पद्मिनी

आमच्या पद्मिनी गाडीला आजोबांचं जुनं धोतर असायचं, मऊसूत. वीस वर्षं त्यानंच पुसली, एक ओरखडा नाही. हे मायक्रो-फिक्रो सगळे पैसे काढायचे धंदे आहेत.

पॉलिशवाला

@जुनी_पद्मिनी काका, तुमच्या पद्मिनीवर क्लिअर कोट नव्हता. नुसता रंग. तुम्ही घासून पॉलिश करायचात तेव्हा फडक्याला गाडीचा रंग लागायचा ना? तेच ते, वरचा मेलेला थर निघून खाली नवा रंग यायचा, त्यामुळे ओरखडे पण त्याच्याबरोबरच जायचे. आताच्या गाड्यांना रंगावर पारदर्शक थर असतो, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, डोक्याचा केस त्यापेक्षा जाड असतो. ओरखडे त्या थरात पडतात आणि काळ्या गाडीवर आरशात पडल्यासारखे दिसतात. पांढऱ्यावर पण पडतात, दिसत नाहीत एवढंच, त्यामुळे शेंगदाण्यांनी फार खूश होऊ नये.

नाशिकला माझं छोटं डिटेलिंगचं, म्हणजे गाड्या बारकाईनं साफ-पॉलिश करायचं शॉप आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. धागाकर्त्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की करावी, रेघ पाडते ती टॉवेल आणि रंग यांच्यामध्ये सापडलेली माती. तुमच्या मामांचं फडकं रेशमाचं असतं तरी तेच झालं असतं, कारण पहिल्या गाडीची धूळ दुसऱ्या गाडीवर, दुसरीची तिसरीवर आणि तुमचा नंबर बारावा. बादलीच्या तळाला बघा एकदा, वाळू दिसेल. त्यामुळे ९०० चा टॉवेल मामांच्या हातात दिलात तर ९०० रुपयांचं पॉलिश पेपर होईल.

आता प्रश्नाचं उत्तर. माझ्या शॉपमध्ये शंभरेक साधे टॉवेल आहेत आणि भारीतले दहा-बारा. साधे म्हणजे ३०० ते ३५० जीएसएमचे, चार बाजूंनी शिलाई मारलेले. आतलं डॅशबोर्ड, दाराच्या खाचा, चाकं, काच, इंजिनबे, सगळं त्यावर. भारीतले फक्त दोन कामांना, धुतल्यावर गाडी कोरडी करायला आणि पॉलिश झाल्यावर शेवटचा हात मारायला, कारण तेव्हा रंगावर दुसरं काहीच नसतं आणि टॉवेलचाच काय तो ओरखडा पडायचा असेल तर तेव्हा पडतो.

गंमत म्हणजे सगळ्यात महाग काम असतं सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे रंगावर संरक्षक थर चढवायचं, आणि तिथे मी स्वस्तातले वापरतो. कोटिंग पुसलेला टॉवेल परत वापरता येत नाही, ते आत सुकून काचेसारखं कडक होतं, धुवून जात नाही. पुसायचं आणि कचऱ्यात. तिथे कोण ९०० घालवणार.

सिंहगडरोडकर

पॉलिशवाले दादा, सविस्तर उत्तराबद्दल खूप धन्यवाद. पण मग साधे आणि भारी यात नक्की वेगळं काय असतं? जीएसएम का? ८०० वाला घेऊ का मग, स्वस्तात मिळतोय.

संत्रा_बर्फी

थांबा बाप्पा, ८०० च्या नादी लागू नका इतक्यात. मी नागपूरचा, टेक्स्टाइलमध्ये शिकलो, आता दुसरंच काम करतो पण कापड बघितलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. बस. कापड किती जाड, किती भरगच्च, हे त्यातून कळतं, किती चांगलं हे कळत नाही. घोंगडीचं पण जीएसएम भरपूर भरेल, घोंगडीनं काऊन कोणी गाडी पुसत नाही?

खरी गोष्ट धाग्यात आहे. धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात, ९००० मीटर लांब धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. म्हणजे नऊ किलोमीटर तंतू आणि वजन एक ग्रॅम, तो एक डेनियर, आणि मायक्रोफायबर त्याच्याही खाली. आता पुसायच्या कपड्यातला तंतू कसा बनवतात तर पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे आपलं नायलॉन, दोन्ही एकत्र एकाच तंतूत ओततात. तो तंतू आडवा कापून मायक्रोस्कोपखाली बघितला तर डिट्टो संत्रं. फोडी पॉलिएस्टरच्या आणि फोडींच्या मधला पांढरा भाग नायलॉनचा. (नागपूरकर आहे, दुसरी उपमा सुचणार नाही.) मग कापड विणल्यावर गरम पाणी, रसायन आणि झोडपणं यातून ते संत्रं फोडतात, फोडी सुट्या होतात, आणि एका तंतूचे दहा-पंधरा बारीक धारदार कडांचे तंतू होतात. त्या फोडींच्या मधल्या फटीत पाणी खेचलं जातं आणि धूळ अडकते. जादू सगळी फटीत आहे.

७०:३० आणि ८०:२० म्हणजे पॉलिएस्टर किती नि नायलॉन किती. नायलॉन महाग, म्हणून जास्त नायलॉनचा टॉवेल महाग. नायलॉनला पाणी जास्त मानवतं, पॉलिएस्टर जवळजवळ पाणी पीतच नाही, तेलकटपणा मात्र पकडतं. हात लावला तर ७०:३० मऊ लागतो हे खरं. पण संत्रं नीट फोडलेलंच नसेल तर ७०:३० असून काही उपयोग नाही आणि नीट फोडलेलं असेल तर ८०:२० मस्त काम करतो. आणि लेबलवर '१०० टक्के पॉलिएस्टर' असं काही दिसलं, ते गुबगुबीत लोकरीसारखं असतं ते, तर सरळ ठेवून द्या. त्यात फोडायला काही नसतंच, पाणी पुसायला गेलं की पुढे ढकलत नेतं.

घरी तपासायचं तर ओट्यावर थोडं पाणी सांडा, त्यावर टॉवेल घासू नका, नुसता ओढा. फोडलेला असेल तर मागे कोरडा पट्टा राहतो, नसेल तर पाणी टॉवेलच्या पुढे पळतं. दुसरं म्हणजे कोरड्या, जरा भेगाळलेल्या हातावर फिरवा. चामडीला अडकल्यासारखा, किरकिर लागला पाहिजे. तो किरकिरेपणा बऱ्याच जणांना आवडत नाही आणि ते म्हणतात खरखरीत आहे, घेऊ नको. अरे तेच तर पाहिजे.

खवट_शेंगदाणा

संत्र्याचा धागा होणार आता. कुणीतरी बर्फी पाठवा.

तांबडापांढरा

लै भारी माहिती भावा, वाखु (वाचनखूण) साठवली.

माझं एक ऐका. मी एक वर्ष बजेटवाले वापरतोय कोल्हापुरात, गाडी गडद निळी. पहिल्या महिन्यात दोन ओरखडे पडले आणि मी पण म्हणालो स्वस्तातलं घेतलं म्हणून. मग एक जुनी सीडी घेतली, गाण्यांची, आता कोण ऐकतंय, तिच्या चकचकीत बाजूवर टॉवेलच्या मधल्या भागानं वीस वेळा घासलं. काही नाही. मग कडेची शिलाई घासली तर चार-पाच रेघा. मग ते लेबल असतं ना शिवलेलं, धुण्याच्या सूचनांचं, ते घासलं तर सीडीचं वाटोळं. म्हणजे टॉवेल वाईट नव्हता, लेबल वाईट होतं! त्या दिवशी बसून सगळ्यांची लेबलं उसवली. कात्रीनं कापली तर खोड राहतं, ते अजून टोचतं, त्यामुळे उसवायचीच. आणि कड रंगाला लागू द्यायची नाही, चौघडी घालून मधल्या भागानंच पुसायचं. तेव्हापासून पंगा नाही.

पॉलिशवाला

@तांबडापांढरा एकदम बरोबर. महागातल्याला कड नसते म्हणतात ती यासाठीच, अल्ट्रासोनिकनं, म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्रानं कापलेली असते, शिलाईचा दोराच नाही. ९०० मधले काही पैसे तिथे जातात असं समजा. लेबल उसवणं म्हणजे गरिबाचा अल्ट्रासोनिक.

चौघडीचं अजून एक, दोनदा घडी घातली की आठ बाजू मिळतात. एक बाजू मळली की पलट. लोक अख्खी गाडी एकाच बाजूनं पुसतात आणि मग टॉवेलला शिव्या देतात.

एडिसनची_काकू

आमच्याकडे न्यू जर्सीत कॉस्टको नावाच्या मोठ्या दुकानात त्यांच्याच कर्कलँड ब्रँडचे पिवळे टॉवेल मिळतात, ३६ चा गठ्ठा. इथे निम्मं गाव त्यावरच गाड्या पुसतं. आमचे हे आधी बॉयसीच्या रॅग कंपनीचे मागवायचे, ईगल एजलेस, ५०० जीएसएम ७०:३० चे. हातात घेतले की मांजराच्या पिल्लासारखे लागतात हो, खोटं नाही बोलणार. पण ते दहा टॉवेल इतके जपून वापरायचे की शेवटी एकाच टॉवेलनं सगळी गाडी व्हायची, 'उगाच दुसरा कशाला मळवा' म्हणून. पिवळे आल्यापासून सढळ हातानं घेतात. मला वाटतं गाडी आता जास्त चांगली दिसते. मुलाच्या जुन्या कपड्यात मिसळून धुतले एकदा तर सुताचे कण असे चिकटले की दोन धुण्यांत निघाले नाहीत, तेवढं सांभाळा.

तीन_पेट्रोल_पंप

काकूंशी १००% सहमत, संख्या महत्त्वाची. ठाण्यात सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी, मागच्या मे महिन्यात तर नोटीस बोर्डवर दंडाची रक्कम लिहिली होती. मी रिन्सलेस करतो, म्हणजे नंतर पाण्यानं खळबळून काढावं लागत नाही असं धुणं. एक बादली, दहा लिटर पाणी, त्यात झाकणभर लिक्विड, आणि त्यात आठ-दहा बजेट टॉवेल एकदम बुडवून ठेवायचे. आधी गाडीवर तेच पाणी स्प्रेनं मारायचं, धूळ फुगू द्यायची, मग एक टॉवेल काढायचा, थोडा पिळायचा, चौघडी, छतापासून सुरुवात, एका दिशेनं, दाब न देता, एका घडीत अर्धं दार, पलट. मळलेला टॉवेल परत बादलीत टाकायचा नाही म्हणजे नाही. तो वेगळ्या पिशवीत. बादलीतलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. खाली गुडघ्याच्या उंचीचा जो पट्टा आहे ना, दाराच्या खालचा, चिखलाचा, तो सगळ्यात शेवटी आणि त्यासाठी वेगळे दोन.

या पद्धतीला ९०० चे दहा टॉवेल लागले असते तर ९०००. माझे ७०० मध्ये झाले.

जुनी_पद्मिनी

आम्ही गाडी चालवायचो. तुम्ही पुसता.

सिंहगडरोडकर

काका 😄

आज रविवार, जरा प्रयोग केले. तीन प्रकार मागवले होते, चारचा साधा पॅक (लेबलवर ३४०), तो स्वस्तातला '८००' वाला एक, आणि डोळे मिटून ९०० चा एक (लेबलवर ५००). बर्फी साहेबांनी जीएसएमची व्याख्या सांगितली तेव्हाच डोक्यात आलं की हे तर घरी मोजता येईल. आईचा भाजणी मोजायचा डिजिटल काटा आहे, ग्रॅमपर्यंत दाखवतो. ४० बाय ४० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे ०.१६ चौरस मीटर. म्हणजे वजन भागिले ०.१६, नाहीतर सोपं, वजन गुणिले सव्वासहा. खराखुरा ८०० असेल तर १२८ ग्रॅम भरला पाहिजे.

साधा भरला ५३ ग्रॅम. म्हणजे ३३१. लेबल ३४०, चला, प्रामाणिक आहे.

९०० चा भरला ८१. म्हणजे ५०६. लेबल ५००, हाही प्रामाणिक.

'८००' वाला भरला ७१ ग्रॅम! मला वाटलं काटा चुकला, परत ठेवला, ७१. मग टेप लावली तर तो ४० बाय ४० पण नाही, ३८ बाय ३८. म्हणजे ०.१४४४, म्हणजे ४९२ च्या आसपास. ८०० चे ५०० पण भरत नाहीत. वर लेबल बघितलं, बारीक अक्षरात १०० टक्के पॉलिएस्टर. ओट्यावर पाणी सांडून ओढला तर पाणी शेगडीकडे पळालं. हा मामांना पण देणार नाही, त्यानं घरातली लादी पुसतोय आणि लादीवर पण नीट नाही चालत.

मला आता खरा राग ८० किंवा ९०० वर नाहीच आहे, या मधल्या खोटारड्यावर आहे. दिसायला सगळ्यात गुबगुबीत हाच होता, दुकानात असता तर मी हाच उचलला असता.

संत्रा_बर्फी

वा! काटा लावला हे लै झकास. दोन कापडं पाठीला पाठ लावून शिवतात आणि दोन्हींचं मिळून ८०० सांगतात, ते निदान वजनात तरी खरं उतरतं. तुमचं तर निव्वळ लेबल होतं.

म्हापश्याचो

आमच्याकडे गोव्यात उलटा ताप रे. धूळ कमी पण पावसात टॉवेल वाळतच नाही. जून ते सप्टेंबर चार महिने नुसता कुबट वास. जाड टॉवेल तर विचारूच नको, माझा १२०० जीएसएमचा मोठा होता तो तीन दिवस दोरीवर, चौथ्या दिवशी काळे ठिपके. तेव्हापासून पावसाळ्यात फक्त पातळ वॅफलवाला, तो जाळीजाळीचा असतो तो. पाणी कमी पितो पण पिळला की तासाभरात वाळतो. भारी टॉवेल घेताना तो वाळणार कुठे हे पण बघ बाबा, पंख्याखाली खुर्च्या मांडून बसावं लागतं.

पॉलिशवाला

@म्हापश्याचो हा मुद्दा फार कुणी बोलत नाही, बरं झालं काढलात.

सिंहगडरोडकरांच्या टँकरच्या पाण्याचं राहिलं होतं. ते पांढरे ठिपके म्हणजे क्षार, कॅल्शियम वगैरे. पाणी उडून जातं, क्षार रंगावर बसतात, आणि उन्हात तापलेल्या काळ्या बॉनेटवर ते इतके पक्के बसतात की नंतर पॉलिशच करावं लागतं. त्यामुळे जड पाणी असेल तिथे गाडी कोरडी करायचा टॉवेल हा एकच असा आहे की ज्यावर मी पैसे टाका म्हणेन. ट्विस्ट लूप म्हणतात, पिळाच्या दोऱ्यांचा, ६० बाय ९० चा एक घ्या. बॉनेटवर पसरायचा, दोन्ही कोपरे धरून हळू ओढून घ्यायचा, घासायचं नाही, एका ओढीत अख्खं बॉनेट कोरडं. साध्या ३४० च्या टॉवेलनं हेच करायला चार-पाच लागतात आणि तोपर्यंत दुसऱ्या बाजूला पाणी वाळलेलं असतं. सावलीत धुवा, सकाळी सात वाजता धुवा, आणि गाडी गार असताना धुवा, हे वेगळं सांगायला नको.

तांबडापांढरा

धुवायचं पण सांगा की दादा, तिथंच सगळे चुकतात. माझ्या मावसभावानं ९०० वाला घेतला आणि वहिनींनी टॉवेल म्हणून आंघोळीच्या टॉवेलांबरोबर टाकला, वर सुगंधी कंडिशनर. वास लै भारी आला, पाणी मात्र प्यायचा बंद झाला.

पॉलिशवाला

कंडिशनर म्हणजे तंतूवर मेणचट थर, बर्फी साहेबांच्या त्या फटी बुजल्या. परत दोन-तीनदा नुसत्या लिक्विडनं कोमट पाण्यात धुतला तर बराचसा उतरतो, घाबरू नका.

आमच्याकडे असं चालतं, नवा आला की आधी एकदा धुवायचा, सुटे तंतू आणि जादा रंग निघतो, लाल असेल तर वेगळाच भिजवा. मग कायम लिक्विड डिटर्जंट, पावडर नको, पावडरचे कण कधी कधी विरघळत नाहीत आणि तुमच्या जड पाण्यात तर नाहीतच. ४० डिग्रीपर्यंत पाणी, ब्लीच नाही, सुती कपडे बरोबर नाहीत, एक खळबळणं जास्त. सावलीत वाळवायचा आणि वाळल्यावर झटकायचा. उन्हात दोरीवर कडक झाला तरी झटकला की परत मऊ होतो. इस्त्री अजिबात नाही, ते प्लॅस्टिकच आहे शेवटी.

आणि उतरंड ठेवा. नवा टॉवेल रंगावर, जरा जुना झाला की आतल्या डॅशबोर्डला, मग दाराच्या खाचांना, मग चाकांना, मग बाइकच्या चेनला, मग कचरा. वर चढत कधीच नाही. चाकाला लागलेला परत बॉनेटवर आला तर ब्रेकची लोखंडी भुकटी घेऊन येतो, ती कितीही धुवा आत राहते. माझ्या पोरांना रंग वाटून दिलेत, निळा रंगावर, राखाडी आत, काळा चाकांना. एकदा एका नवीन पोरानं काळा उचलून डिकीवर फिरवला, गिऱ्हाइकाची गाडी, लाल. अर्धा दिवस फुकट पॉलिश करत बसलो. प्रत्येक पॉलिशला क्लिअर कोट थोडा थोडा उतरतो, तो परत येत नाही, त्यामुळे फुकटचं पॉलिश पण फुकट नसतं.

खवट_शेंगदाणा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

तीन_पेट्रोल_पंप

@खवट_शेंगदाणा काय लिहिलं होतं?

खवट_शेंगदाणा

माझी पांढरी गाडी दिव्याखाली नेऊन बघितली. जाऊ दे.

सिंहगडरोडकर

तीन आठवड्यांनी अपडेट. नाशिकला जाणं झालं नाही पण इथेच एकाकडे एक हलकं पॉलिश करून घेतलं, जाळं ऐंशी टक्के गेलं, उरलेलं राहू दे म्हणालो, दादांचं ते 'परत येत नाही' ऐकून धसका घेतलाय. साध्यातले बारा घेतले, सगळ्यांची लेबलं एका क्रिकेट मॅचमध्ये उसवली, आणि एक ट्विस्ट लूप, ६० बाय ९०. तो आल्या आल्या काट्यावर ठेवला. लेबल १२००, हिशोबानं ६४८ ग्रॅम पाहिजे, भरला ६३१. मान्य.

मामांशी बोलणं हा सगळ्यात अवघड भाग होता. मी म्हटलं मामा, रंगाला हात लावायचा नाही, फक्त काचा आणि आरसे, पैसे तेवढेच. त्यांना ते पटेचना. म्हणाले साहेब, काही चुकलं का माझं, दुसरा कोणी लावला का? त्यांना वाटलं कामावरून काढतोय. मग त्यांना मोबाइलच्या टॉर्चमध्ये बॉनेटच्या कोपऱ्यावर राहिलेल्या रेघा दाखवल्या, ते वाकून बराच वेळ बघत बसले, मग शेजारच्या गाडीवर टॉर्च मारायला लावला, मग पलीकडच्या. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून दोन बादल्या आणतायत. मी पॅकमधले चार त्यांना दिले, आमच्या विंगेतल्या गाड्यांसाठी, त्यातला एक त्यांनी डोक्याला बांधलेला बघितला, पण तीन तरी वापरात आहेत.

आता खरी कबुली. तो ९०० चा. दोन रविवार इतका जपून वापरला, वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवायचो. काल शेवटचा हात मारताना फोन वाजला, फोन काढायला गेलो आणि टॉवेल पार्किंगच्या फरशीवर. उताणा. आमच्या खालच्या मजल्यावर काम चालू आहे, सगळी सिमेंटची बारीक वाळू. उचलला तर एका बाजूला करड्या रंगाचा चिकटून बसलेला भुगा, झटकला तरी जाईना, त्याच्या त्या फटी इतक्या चांगल्या की सोडतच नाहीत. आता तो रंगाला लावायची हिंमत नाही आणि चाकाला लावायला जीव होत नाही. काय करू?

पॉलिशवाला

फेकू नका लगेच. पाण्यात टाकायच्या आधी कोरडा असतानाच दुसऱ्या स्वच्छ टॉवेलवर उलटा आपटा, मऊ ब्रशनं एकाच दिशेनं विंचरा, सिमेंट भिजलं की घट्ट होतं. मग बादलीत कोमट पाणी, लिक्विड, तासभर भिजत, हातानं खळबळून पाणी बदला, तळाला वाळू दिसायची थांबेपर्यंत. वाळला की बाहेरच्या उजेडात डोळ्याजवळ धरून बघा आणि मग गालावर फिरवा, बोटापेक्षा गालाला जास्त कळतं. कुठे एवढंसं टोचलं तरी दाराच्या खाचांना.

सिंहगडरोडकर

डाव्या कोपऱ्यात टोचतोय.